राजुलचं पुढे काय झालं?

आमची आज्जी चातुर्मासात रात्रीच्या आरतीनंतर बायकांना घेऊन बसायची आणि नेमिनाथाचं गाणं म्हणायची. वऱ्हाड निघालंय, नेमिकुमार रथात बसलेत, वाटेत वाड्यात कोंडलेल्या मुक्या जनावरांचा आकांत ऐकू येतो. ही कशाला कोंडलीत म्हणून विचारतात, तर तुमच्याच लग्नाच्या जेवणासाठी! तिथंच रथ फिरतो आणि नेमिनाथ गिरनारची वाट धरतात. हळद लागलेली राजुल मागं राहते. ती रडते, पण दुसरा नवरा करीत नाही. तीही गिरनारला जाते, आर्यिका होते.

गाणं तिथं संपायचं. आज्जी डोळे पुसायची, शेजारच्या काकूही पुसायच्या. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा विचारलं, "आज्जी, मग पुढं राजुलचं काय झालं?"

"सोळाव्या स्वर्गात गेली बाळ."

"आणि नेमिनाथ?"

"ते मोक्षाला गेले."

"मग ती का नाही गेली? तिनंपण सगळं सोडलं की!"

आज्जी जरा थांबली. म्हणाली, "बाईचा जन्म गं. बाईच्या जन्मातनं थेट जाता येत नाही. आधी बाप्याचा जन्म घ्यावा लागतोय."

निपाणीच्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर तेव्हा तंबाखूची पोती असायची, त्यांचा वास अजून नाकात आहे. आणि त्या वासाबरोबर हे उत्तरही. आज्जीनं जन्मभर व्रतं केली. अष्टाह्निका कधी चुकली नाही, रात्री पाण्याचा थेंब घेतला नाही. शेवटच्या आजारपणात माझा हात धरून म्हणाली, "पुढच्या जन्मी तरी बाप्याचा जन्म मिळू दे म्हणावं." मी 'होय' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं, की राजुलबद्दलचं दुसरं उत्तर आपल्याच मातीत होतं. लांब कुठं नाही, निपाणीपासून तासाच्या वाटेवर. ज्या बस्त्यांत आपण नारळ-तांदूळ घेऊन जातो, त्यांच्याच दगडांवर ते उत्तर देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्या जागा डोळ्यांनी पाहाव्यात म्हणून गेल्या कार्तिकात, अष्टाह्निकेच्या दिवसांतच, आमच्या मोठ्या जाऊबाई आणि मी निघालो. जाऊबाईंना सगळे आक्का म्हणतात. त्यांचं माहेर चिकोडीकडचं, शाळा कन्नड. मला हळेगन्नड सोडाच, आजचं कन्नडही अडखळत वाचता येतं. गाडी चालवायला पुतण्या.

पहिला दिवस : एकसंबे आणि कागवाड

जायच्या आधी थोडी ओळख करून घेऊ. आज आपल्याला जैनांत दोनच मोठे पंथ ठाऊक आहेत, दिगंबर आणि श्वेतांबर. पण पूर्वी तिसराही एक संघ होता, त्याचं नाव यापनीय. त्यांचे मुनी आपल्या मुनींसारखेच दिगंबर राहत. मूर्ती आपल्यासारख्याच, विनावस्त्र. पण दोन गोष्टींत त्यांचं मत श्वेतांबरांशी जुळे. एक, केवलज्ञान झाल्यावरही केवली आहार घेतात. आणि दुसरी, स्त्रीला स्त्रीच्याच देहातून, त्याच जन्मात मोक्ष मिळू शकतो.

हा संघ कुठं वाढला, तर कर्नाटकाच्या उत्तर भागात. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर या पट्ट्यात त्यांचे लेख सापडतात. हे आपल्याला नीट समजावून सांगितलं ते डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी. जन्म १९०६ चा, सदलग्याचा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी कितीतरी वर्षं अर्धमागधी शिकवली. यापनीय संघावर त्यांनी १९३३ मध्ये लेख लिहिला आणि आयुष्याच्या शेवटी पुन्हा एकदा त्याच विषयाकडे वळले. दुधगंगेकाठचा आपला माणूस, आणि किती घरांत त्यांचं नाव ठाऊक आहे? आमच्याही घरात नव्हतं.

सदलगा मागे टाकून आम्ही एकसंब्याला पोचलो. दोन्ही बाजूंना ऊस, वाटेवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. जुन्या लेखात या गावाचं नाव एक्कसंबुगे. कोल्हापूरच्या शिलाहार विजयादित्याचा सेनापती कालण याने इथं नेमिनाथाची बस्ती बांधली. लेख ११६५ सालचा. बस्ती ज्या आचार्यांच्या हाती सोपवली ते विजयकीर्ती यापनीय संघाचे होते. बस्तीची कीर्ती ऐकून सौंदत्तीचा रट्ट राजा कार्तवीर्य स्वतः दर्शनाला आला आणि त्याने दान दिलं. म्हणजे शिलाहारांच्या सेनापतीनं बांधलेल्या बस्तीला रट्टांचा राजा दान देतो. सरहद्दीचा प्रश्न तेव्हाही असणारच, पण देवाच्या दारात तो आड आला नाही.

आक्का म्हणाल्या, "मी किती वेळा आलेय इथं! लग्नाआधी आईबरोबर यायची. कुणी एका शब्दानं बोललं नाही."

"काय बोलायचं होतं?"

"हेच की. हे आपल्या बाजूचे होते म्हणून."

तिथून कृष्णा ओलांडून कागवाडला गेलो. मिरजेला जाता-येता आपण कागवाडवरून कितीदा जातो. इथल्या जैन बस्तीत भुयार आहे आणि त्या भुयारात १३९४ चा लेख आहे. यापनीय संघाचे नेमिचंद्र नावाचे मुनी होते, त्यांच्या समाधीचा तो दगड. यापनीयांच्या अगदी शेवटच्या खुणांपैकी ही एक. यानंतर हा संघ हळूहळू दिसेनासा होतो. कुणी त्यांना मारलं नाही, हाकललं नाही. त्यांचे श्रावक आजूबाजूच्या दिगंबर समाजात मिसळून गेले. त्यांच्या बस्त्या आपल्या झाल्या, त्यांचे देव आपले झाले. मिसळून गेलेल्या त्या लोकांतच आपले खापरपणजे नसतील कशावरून?

खालची हवा गार होती. आक्कांचे गुडघे दुखतात, तरी त्या भिंतीला धरून उतरल्या. हात जोडून उभ्या राहिल्या. वर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "आत्तींना आणायला पाहिजे होतं." आत्ती म्हणजे आमच्या सासूबाई. त्या जाऊन बारा वर्षं झाली.

राजुलच्या बाजूने बोललेला माणूस

रात्री घरी परतलो. जेवणं दिवस मावळायच्या आत वाटेतच उरकली होती. झोप येईना, म्हणून मी आक्कांना शाकटायनांची गोष्ट सांगत बसले.

नवव्या शतकात मान्यखेटला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष राज्य करीत होता. त्याच्या काळात पाल्यकीर्ती नावाचे यापनीय आचार्य होऊन गेले. व्याकरणातला त्यांचा अधिकार इतका मोठा, की लोक त्यांना जुन्या वैयाकरणाच्या नावाने शाकटायन म्हणू लागले. त्यांनी एक लहानसा संस्कृत ग्रंथ लिहिला, 'स्त्रीनिर्वाणप्रकरण'. विषय एकच : स्त्रीला मोक्ष आहे की नाही. अकराशे वर्षांपूर्वी एका नग्न मुनीनं आपल्यासाठी मांडलेला हा वाद आहे.

समोरचे म्हणत, बाईला वस्त्र सोडता येत नाही, वस्त्र हा परिग्रह, परिग्रह असेल तर मोक्ष नाही. शाकटायनांचं म्हणणं असं, की परिग्रह म्हणजे आसक्ती. मुनीच्या हातात पिंछी असते, तिला कुणी परिग्रह म्हणत नाही, कारण ती संयमाला मदत करते. आर्यिकेचं वस्त्रही संयमालाच मदत करतं.

समोरचे म्हणत, बाई सातव्या नरकात जाण्याइतकं घोर पाप करू शकत नाही, म्हणून सर्वात वरच्या जागीही पोचू शकत नाही. हा मुद्दा ऐकून आक्का हसायला लागल्या. "म्हणजे वाईट कमी म्हणून चांगलंपण कमी होय?" शाकटायनही जवळजवळ हेच विचारतात. खाली किती खोल पडता येतं आणि वर किती चढता येतं, यांचा एकमेकांशी संबंध आहे हे कुणी सिद्ध केलं?

समोरचे म्हणत, मुनी आर्यिकेला वंदन करीत नाहीत, म्हणून ती खालच्या पायरीवर. शाकटायन म्हणतात, तीर्थंकरही गणधरांना वंदन करीत नाहीत, म्हणून काय गणधरांचा मोक्ष अडला? सम्यक् दर्शन, ज्ञान आणि चारित्र्य ही तीन रत्नं ज्याच्याजवळ पुरी झाली त्याला मोक्ष. ही तीन रत्नं बाईजवळ पुरी होत नाहीत याला पुरावा काय? आणि ज्या थोर साध्वींची नावं ते घेतात त्यांत ब्राह्मी आहे, सुंदरी आहे, चंदना आहे. आणि आपली राजुल आहे, राजीमती या नावानं.

हे ऐकल्यावर आक्का बराच वेळ गप्प बसल्या.

हा ग्रंथ नव्यानं छापला गेला तो १९७४ मध्ये, मुनी जंबूविजयांनी संपादन करून. ते श्वेतांबर साधू होते. त्याचं इंग्रजी भाषांतर आणि दोन्ही बाजूंचा सगळा वाद एकत्र आणला डॉ. पद्मनाभ जैनी यांनी १९९१ मध्ये. ते तर मूडबिद्रीकडचे, आपल्यासारखेच दिगंबर घरात जन्मलेले, पुढे अमेरिकेत बर्कलीला शिकवीत होते. त्या पुस्तकात एकाच विषयावर दिगंबर आचार्यांचं म्हणणंही आहे आणि शाकटायनांचंही. दोघांनीही दुसऱ्याचा मुद्दा पूर्ण मांडून मग उत्तर दिलंय. कुणी शिवी दिली नाही. आपल्या समाजाच्या सभांत असं किती वेळा होतं, हे मी लिहायला नको.

दुसरा दिवस : बेळगाव आणि हलशी

सकाळी स्तवनिधीच्या घाटातून निघालो. पार्श्वनाथाला आणि ब्रह्मदेवाला हात जोडले. याच स्तवनिधीला १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभेचा जन्म झाला. आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाच्या कितीतरी गोष्टी पुढे या सभेतून सुरू झाल्या. माझी आज्जी चौथीपर्यंत शिकली, आई सातवीपर्यंत. मला एम.ए. करता आलं. आज हा लेख लिहिता येतोय त्याचं मूळ कुठंतरी तिथंच आहे.

बेळगावात आधी किल्ल्यातली कमल बस्ती पाहिली. सगळे तिच्या छतातलं दगडी कमळ बघायला जातात, आम्हीही मान मोडेपर्यंत बघितलं. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बीचिराज याने ती १२०४ मध्ये बांधवली. आत नेमिनाथ. मग शहरातल्या दोड्ड बस्तीत गेलो. दोड्ड म्हणजे मोठी. तिथंही नेमिनाथच. पण या मूर्तीच्या खाली एक तुटका लेख आहे. शके ९३५, म्हणजे १०१३ साल. यापनीय संघाच्या पारिसय्या नावाच्या गृहस्थानं बस्ती बांधली असं त्यात आहे. पंडित नाथूराम प्रेमींनी हा लेख सांगून पुढे लिहिलंय, की आज ही मूर्ती दिगंबर लोक पूजतात.

एकसंब्याला नेमिनाथ, दोड्ड बस्तीत नेमिनाथ. राजुलच्या बाजूने बोलणाऱ्या संघानं याच तीर्थंकरांच्या बस्त्या उभ्या केल्या. यामागं काही कारण होतं की नुसता योगायोग, हे ठरवायला माझ्याजवळ पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय बोललेलं शाकटायनांना आवडलं नसतं. पण मूर्तीसमोर बसल्यावर मनात आलं ते आलं. सकाळची वेळ होती. पाच-सहा बायका पूजेची ताटं घेऊन बसलेल्या. एकजण अर्घ्य सोडत होती, एकीचं बाळ मांडीवर झोपलेलं. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही मूर्ती बसवली त्यांच्या मते यांतल्या कुणाचीही वाट अडलेली नव्हती. आणि यांतल्या एकीलाही ते ठाऊक नव्हतं.

दुपारी खानापूर, नंदगड करीत हलशीला गेलो. नंदगड आलं की संगोळ्ळी रायण्णाची समाधी आठवतेच. तिथून पुढं रस्ता झाडीतून जातो. हलशीला लोक येतात ते भूवराह-नरसिंहाच्या देवळासाठी, गोव्याच्या कदंबांच्या काळचं देखणं देऊळ आहे. पण त्याच्याही सातशे वर्षं आधी या गावाचं नाव पलाशिका होतं आणि बनवासीच्या जुन्या कदंबांची ती एक राजधानी होती. एकोणिसाव्या शतकात गावाजवळ त्यांचे ताम्रपट सापडले. फ्लीट साहेबांनी ते वाचून छापले. यापनीय हे नाव दिसणाऱ्या सर्वात जुन्या लेखांत त्यांची गणना होते.

एका ताम्रपटात राजा मृगेशवर्मा सांगतो, की त्याने वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधलं आणि तेहेतीस निवर्तनं जमीन दिली. कुणाला? यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या तिन्ही संघांना मिळून. पाचव्या शतकाचा शेवट. मतं वेगवेगळी होती, जमीन एक होती.

दुसरा ताम्रपट त्याच्या मुलाचा, रविवर्म्याचा. राजाची आज्ञा अशी, की दरवर्षी कार्तिकात जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत यापनीय तपस्व्यांच्या आहाराची सोय व्हावी. बायांनो, ही आपली अष्टाह्निका आणि हा आपला चातुर्मास! पंधराशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरलेला. मुनींच्या आहाराला आपण पहाटे उठून चौका लावतो, ओल्या सोवळ्यात पाणी गाळतो, पीठ दळतो, 'नमोस्तु' म्हणून दारात उभ्या राहतो. तेव्हाही राजानं गावाचं उत्पन्न दिलं असेल, पण चुलीपुढं कोण बसलं असेल हे सांगायला ताम्रपट नको.

आणि त्याच ताम्रपटात एक बाई आहे. उत्सवासाठी दिलेल्या गावाचा सगळा इतिहास त्यात सांगितलाय. काकुस्थवर्म्याने ते आधी सेनापती श्रुतकीर्तीला दिलं होतं. पुढे मृगेशवर्म्यानं ते कुणाला दिलं, तर दामकीर्तीच्या आईला. एवढंच. दामकीर्तीची आई. तिच्या मुलाचं नाव आहे, नातवाचंही आहे, नातवानंच पुढे ते उत्सवाला लावलं. तिचं नाव नाही.

आक्का देवळाच्या कठड्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझं तरी नाव कुठं आहे? सातबाऱ्यावर तुमच्या थोरल्या भाऊजींचं, रेशनकार्डावर त्यांचंच. बस्तीच्या दगडावर दान लिहिलंय ते पण त्यांच्याच नावानं. सोन्याच्या पाटल्या माझ्या गेल्या." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

मी काय सांगणार?

मी कुणा आचार्यांना खोटं ठरवायला हा लेख लिहीत नाही. माझी तेवढी योग्यता नाही. मी दिगंबर घरातली, दिगंबर बस्तीत जाणारी बाई आहे आणि तशीच राहणार. पण 'आपल्यात पहिल्यापासून असंच मानतात' हे वाक्य आता माझ्या तोंडून निघणार नाही. आपल्यात, म्हणजे या दुधगंगा-वेदगंगा-कृष्णेच्या काठांवर, जवळजवळ नऊशे वर्षं दोन्ही मतं नांदली. हलशीच्या ताम्रपटापासून कागवाडच्या भुयारापर्यंत. वाद झाला, ग्रंथ लिहिले गेले, आणि मुनींनी एकाच गावात चातुर्मास केले. विसरलो ते आपण.

आणखी एक गोष्ट राहिली. आज्जीच्या शेवटच्या दिवसांत एक पंडितजी तिच्या उशाशी बसून शिवार्यांची 'भगवती आराधना' वाचायचे. समाधिमरणाच्या वेळी आपल्यात हा ग्रंथ वाचतात. प्रेमी आणि उपाध्ये यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा ग्रंथ यापनीय परंपरेतला मानला आहे. म्हणजे बाप्याचा जन्म मागत माझी आज्जी गेली, तेव्हा तिच्या कानात जे शब्द पडत होते ते बहुधा, बाईचाच जन्म पुरेसा आहे असं मानणाऱ्यांचे होते. तिला ते कुणी सांगितलं नाही. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं, नाहीतर मी नुसतं 'होय' म्हटलं नसतं.

हलशीहून परत आलो त्या रात्री गल्लीतल्या बायका आरतीनंतर बसल्या. आक्कांनी नेमिनाथाचं गाणं धरलं. आवाज आता कापतो, पण चाल पक्की आहे. गाणं राजुलच्या दीक्षेपाशी संपलं. माझ्या भाचीची सहा वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर होती. तिनं विचारलंच, "मग पुढं काय झालं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "कुणी म्हणतात सोळाव्या स्वर्गात गेली. कुणी म्हणतात मोक्षाला गेली. दोन्ही म्हणणारे आपलेच होते."

"तुला काय वाटतं?"

मी उत्तर द्यायच्या आत आक्का म्हणाल्या, "तू मोठी हो, शिक, आणि वाचून सांग आम्हाला."